भंडाऱ्याचे निळभट्ट: सगळं मिळाल्यावरही जे रिकामं राहतं त्याची गोष्ट

आजचा एपिसोड भंडाऱ्याचा आहे. बसमध्ये, ट्रेनमध्ये किंवा ऑफिसच्या कँटीनमध्ये ऐकत असाल तर इअरफोन नीट लावून घ्या, कारण जुनी नावं बरीच येणार आहेत. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप.

भंडारा म्हटलं की लोकांना काय आठवतं? वैनगंगा. धान. पितळेची भांडी. तळी. पवनीचे स्तूप माहीत असलेले थोडे लोक असतात, आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथून उभे होते आणि हरले, हे माहीत असलेले आणखी थोडे. पण मराठी भाषेतल्या सगळ्यात जुन्या गद्य चरित्रग्रंथात भंडाऱ्याच्या एका माणसाचं नाव आहे, हे आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना विचारलं तर दहातले नऊ जण मान हलवतात.

त्या माणसाचं नाव निळभट्ट. ग्रंथात त्यांना गावावरून ओळखतात: भांडारेकार. म्हणजे भंडाऱ्याचे. ग्रंथाचं नाव लीळाचरित्र. आणि ज्यांच्या मागे ते घर सोडून निघाले ते म्हणजे चक्रधर स्वामी.

आजचा प्रश्न सरळ आहे. माणसाला जे हवं असतं ते मिळतं, तरी आतून रिकामं का वाटतं? तेराव्या शतकातल्या मराठी माणसांनी या प्रश्नाचं काय केलं?

आधी काळ समजून घेऊ

तेरावं शतक. देवगिरीला यादवांचं राज्य. आज आपण ज्याला विदर्भ म्हणतो तो बराचसा भाग त्यांच्या सत्तेखाली. रामटेकला लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळातला शिलालेख आहे, म्हणजे त्या सत्तेचा हात भंडाऱ्याच्या शेजारपर्यंत पोचला होता. राज्य श्रीमंत होतं. देवळं बांधली जात होती, दानं दिली जात होती, पंडितांना मान होता.

या काळातलं मोठं नाव म्हणजे हेमाद्री, आपण ज्यांना हेमाडपंत म्हणतो. महादेव यादव आणि नंतर रामचंद्र यादव यांच्या दरबारातला मोठा अधिकारी. त्यांनी संस्कृतमध्ये 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा प्रचंड ग्रंथ केला. त्यात व्रतांचा एक स्वतंत्र खंड आहे, दानाचा आहे, श्राद्धाचा आहे. कोणतं व्रत कोणत्या तिथीला करायचं, कसं करायचं, आणि त्याचं फळ काय. पुत्र हवा, धन हवं, आरोग्य हवं, स्वर्ग हवा, ज्याची जी इच्छा त्याला तसा विधी.

हे मी हसण्यासाठी सांगत नाही. माणसं दुष्काळ, आजार, बाळंतपणातले मृत्यू यांच्यात जगत होती. त्यांनी देवाकडे काही मागितलं यात चूक काय? पण या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: इच्छा माझी, आणि ती पूर्ण करण्याचं काम देवाचं. मी काय मागायला हवं, हा प्रश्न त्यात मागे पडत होता.

त्याच यादव राज्यात, त्याच काळात, एक माणूस अनवाणी फिरत होता आणि लोकांना नेमका हा मागे पडलेला प्रश्न विचारत होता.

प्रधानाचा मुलगा आणि जुगार

महानुभाव परंपरेनुसार चक्रधर स्वामींचं आधीचं नाव हरपाळदेव. गुजरातेत भडोचला प्रधान विशाळदेव होते, त्यांचे हे पुत्र. आई माल्हाइसा, पत्नी कमळाइसा. भाविकांची श्रद्धा अशी की हरपाळदेवांचं निधन झालं, त्याच वेळी द्वारावतीच्या चांगदेव राऊळांनी देह ठेवला होता, आणि ते या शरीरात आले. त्यामुळे पुढे जे घडतं ती भाविकांच्या दृष्टीने अवताराची लीळा आहे. आपण इतिहासाच्या बाजूने बघत असलो तरी हे भान ठेवू, कारण ज्यांनी हा ग्रंथ जिवापाड जपला त्यांनी तो या श्रद्धेने जपला.

तर हरपाळदेवांना कशाची कमी होती? कशाचीच नाही. मोठं घर, नोकरचाकर, बायको, मूल. आणि एक नाद: जुगार.

एक दिवस ते जुगारात हरले. देणं झालं. घरी येऊन त्यांनी कमळाइसांकडे दागिने मागितले. कमळाइसांनी दिले नाहीत.

झालं एवढंच. या एका नकारानंतर त्यांचं मन संसारातून उठलं, असं लीळाचरित्र सांगतं.

आता थांबून विचार करा. प्रधानाच्या घराला एका डावाचं देणं किती जड असणार? पैशाची अडचण हे खरं कारण असू शकत नाही. माझं वाचन असं आहे की त्या नकाराने एक हिशेब उघडा पडला. आजवर माझं सगळं चाललं ते मला हवं तसं चाललं. लोक माझ्या इच्छेभोवती फिरत होते. आणि त्या इच्छेत बघण्यासारखं काय होतं? पुढचा डाव. जिंकलो तर आणखी एक डाव, हरलो तर भरपाईसाठी आणखी एक डाव. जुगार ही इच्छेची सगळ्यात उघडी रचना आहे, कारण त्यात 'पुरे' हा शब्दच नसतो.

आपल्या हातातला फोन ज्यांनी बनवलाय त्यांना ही रचना चांगली माहीत आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून सांगतो. फीड खाली ओढलं की पुढे काय येईल ते माहीत नसणं, हाच त्यातला गळ आहे. कधी भारी व्हिडिओ येतो, कधी फालतू. दर वेळी भारी आला असता तर आपण कंटाळून बंद केला असता. फासे आणि फीड यांच्यात सातशे-आठशे वर्षांचं अंतर आहे, पण बोट तेच आहे.

मला इथे कमळाइसांबद्दलही एक गोष्ट म्हणायची आहे. संन्यासाच्या गोष्टींमध्ये बायको बहुतेक वेळा बेडी म्हणून येते, जिला तोडून नायक निघतो. इथे तिचं 'नाही' हे कथेचं वळण आहे. आपले दागिने जपणाऱ्या एका बाईने नकळत आरसा धरला. आणि हेही खरं की हरपाळदेव निघून गेल्यावर मागे उरली ती तीच. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवायचं.

रामटेकचं निमित्त

हरपाळदेवांनी वडिलांकडे रामटेकच्या यात्रेची परवानगी मागितली. वडील तयार नव्हते. गुजरात आणि यादव यांचं वैर होतं, आणि रामटेक म्हणजे यादवांचा मुलूख. शेवटी लवाजमा देऊन पाठवलं. वाटेत हरपाळदेवांनी एकेक करून माणसं परत पाठवली आणि एकटे पुढे निघाले.

ते पोचले रिद्धपूरला, आजच्या अमरावती जिल्ह्यात. हेच ते गाव जिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. तिथे गोविंदप्रभू होते. लोक त्यांना वेडा समजायचे. मनाला येईल तिथे जायचे, कुणाच्याही घरात शिरायचे, पोरांशी खेळायचे, हसायचे, रागवायचे. जातीची, सोवळ्याची, प्रतिष्ठेची कुठलीच चौकट त्यांना लागू नव्हती.

या भेटीत उपदेशाचं लांबलचक भाषण नाही. गोविंदप्रभूंनी हातातलं शेंगुळं प्रसाद म्हणून दिलं. खायची एक साधी वस्तू. प्रधानाचा मुलगा, ज्याला घरी पंचपक्वान्नं होती, तो एका 'वेड्या' माणसाच्या हातचं शेंगुळं घेतो आणि त्याचं आयुष्य बदलतं.

यातला फरक मला महत्त्वाचा वाटतो. जुगारात हरपाळदेव मागत होते. इथे त्यांनी काही मागितलं नाही, जे दिलं ते घेतलं.

यानंतरची बरीच वर्षं चक्रधर स्वामी एकटे फिरले. सालबर्डीच्या डोंगरात राहिले. तिथलीच ती प्रसिद्ध गोष्ट: शिकाऱ्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा त्यांच्या मांडीखाली येऊन लपला आणि त्यांनी तो शिकाऱ्यांना दिला नाही. पुढे आंध्रात गेले, वरंगलला त्यांचा पुन्हा विवाह झाल्याची नोंद आहे, आणि तिथूनही ते निघाले. लीळाचरित्राच्या या पहिल्या भागाला 'एकांक' म्हणतात. स्वामींच्या एकटेपणाचा काळ.

आणि या एकटेपणाच्या काळातच ते भंडाऱ्याला येतात.

निळभट्ट उठले

भंडाऱ्याला निळभट्टांची आणि स्वामींची भेट झाली. निळभट्ट त्यांच्या मागे निघाले. नंतर जो मोठा शिष्यपरिवार जमला, बाइसा, नागदेव, महदाइसा, म्हाइंभट, ही सगळी मंडळी पुढची. त्याआधी, जेव्हा पंथ नव्हता, मठ नव्हता, नाव नव्हतं, तेव्हा एका अनोळखी भिक्षुकामागे भंडाऱ्याचा एक माणूस चालायला लागला. एकांकाच्याच काळात, स्वामींच्या सोबत असताना, त्यांचं देहावसान झालं.

म्हणजे जे मोठं झालं ते त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या नावावर ग्रंथ नाही, पद नाही, गादी नाही. ग्रंथात ते थोडी पानं येतात आणि जातात.

मला हा माणूस सोडवत नाही तो याच कारणाने. आपण एखादी गोष्ट सोडतो तेव्हा बहुधा दुसरी मोठी गोष्ट मिळणार म्हणून सोडतो. नोकरी सोडली, कारण स्टार्टअप चालेल. गाव सोडलं, कारण पुण्यात पॅकेज चांगलं आहे. निळभट्टांपुढे असं काही नव्हतं. पंथ यशस्वी होईल की नाही हे कळायची सोय नव्हती, कारण पंथच नव्हता. त्यांच्यापुढे होता एक माणूस, आणि त्या माणसाला स्वतःसाठी काहीच नको होतं. मला वाटतं ज्याला काही नको आहे असा माणूस समोर उभा राहिला की आपल्या 'हवं'ची यादी अचानक लाजिरवाणी वाटायला लागते.

देवता फळ देते, पण

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

महानुभाव विचारात चार स्वतंत्र गोष्टी मानल्या आहेत: जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर. जीव म्हणजे आपण. प्रपंच म्हणजे हे दिसणारं जग. देवता आणि परमेश्वर या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सगळी गंमत इथे आहे.

देवता फळ देतात. चक्रधर स्वामी असं म्हणत नाहीत की व्रत केलं तर काहीच मिळत नाही. मिळतं. पण जे मिळतं ते मोजकं असतं आणि संपतं. स्वर्ग मिळाला तरी तोही संपतो आणि जीव पुन्हा फिरायला लागतो. बंधनातून सोडवणारा फक्त परमेश्वर.

म्हणजे पोकळीचं कारण काय? आपली इच्छा पूर्ण होत नाही, हे कारण नाही. ती पूर्ण होते आणि तरी भूक राहते, कारण भूक दुसऱ्याच कशाची तरी होती. आपल्याकडे धान उफणताना बघितलंय ना? सुपातून सोडलं की भरलेला दाणा खाली पडतो आणि पोचट दाणा वाऱ्याने उडून जातो. शेतात उभं असताना दोन्ही सारखेच दिसतात. टरफल दोघांना आहे, आत काय आहे ते वारा लागल्याशिवाय कळत नाही.

हेमाद्रींच्या ग्रंथातला भक्त विचारतो: मला हवं ते मिळवायला काय करू? चक्रधर स्वामींचा अनुयायी विचारतो: तुझी मर्जी काय आहे? या मर्जीसाठी, देवाच्या कलासाठी, महानुभाव ग्रंथांत 'प्रवृत्ती' हा शब्द येतो. स्वामींची प्रवृत्ती कुठे आहे ते ओळखायचं आणि आपली त्यापुढे आड आणायची नाही, हा शिष्यांचा सततचा प्रयत्न. तो नेहमी जमतो असं नाही. लीळाचरित्र वाचताना मजा येते ती यासाठीच. शिष्य रुसतात, एकमेकांचा हेवा करतात, जेवणावरून कुरबुर करतात. ग्रंथ ते लपवत नाही.

अटन, विजन, भिक्षा

बरं, मग इच्छेला लगाम घालायचा तर घालायचा कसा? 'इच्छा सोडा' असं नुसतं म्हणून कुणी सोडत नाही. चक्रधर स्वामींनी दिलेल्या आचारात तीन गोष्टी फार व्यावहारिक आहेत: अटन, विजन, भिक्षा.

अटन म्हणजे फिरत राहणं. एका जागी राहिलं की ती जागा 'माझी' होते. माझा कोपरा, माझी ओळख, माझा मान. म्हणून फिरा.

विजन म्हणजे निर्जन जागी एकटं बसणं आणि स्मरण करणं. काय आठवायचं हेही ठरलेलं: परमेश्वर अवताराचं नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा. म्हणजे मन रिकामं करून सोडून द्यायचं नाही, त्याला दुसरीकडे लावायचं.

भिक्षा म्हणजे चारही वर्णांच्या घरी मागून खाणं. यात दोन कामं एकदम होतात. जातीचा अहंकार जातो, आणि आज काय खायचं हे मी ठरवत नाही. झोळीत जे पडेल ते. ज्याने कधी ॲपवर जेवण मागवताना पंचवीस मिनिटं नुसतं स्क्रोल केलंय, त्याला या शिस्तीची धार लगेच कळेल.

तिन्ही गोष्टी निवडीवर घाव घालतात. कुठे राहू, कशात मन रमवू, काय खाऊ. रोजच्या जगण्यात 'मला हवं' हे जिथे जिथे उगवतं, तिथे तिथे.

जिंकायला आलेला पंडित

आता दुसरा एक माणूस. म्हाइंभट. सराळ्याचे, विद्वान, शास्त्रात तयार. वादात लोकांना हरवणं ही त्यांची हौस. गोदावरीकाठी डोमेग्रामला चक्रधर स्वामी आहेत असं कळलं आणि ते वाद घालायला आले. तिथे त्यांची विद्या थकली.

हरपाळदेवांना जुगार, म्हाइंभटांना वाद. दोन्हीत डाव असतो, दोन्हीत हरजीत असते. फरक इतकाच की दुसऱ्याला लोक मान देतात, त्यामुळे तो नाद आहे हे लवकर लक्षात येत नाही. पैशाची हाव दिसते, बुद्धीची हाव सर्टिफिकेट लावून फिरते. आम्ही इंजिनिअर लोकांनी हे वाक्य लिहून ठेवावं.

या म्हाइंभटांनी पुढे काय केलं? साधारण १२७४ मध्ये चक्रधर स्वामींनी उत्तरेकडे प्रयाण केलं असं परंपरा मानते. शिष्य पोरके झाले. स्वामींच्या आज्ञेप्रमाणे नागदेव आणि इतर मंडळी रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. तिथे नागदेव स्वामींच्या आठवणी घोळवत बसायचे. म्हाइंभटांना वाटलं, या आठवणी लिहून ठेवायला हव्यात. मग त्यांनी ज्याने ज्याने स्वामींना पाहिलं होतं त्याला गाठून, विचारून, पडताळून प्रसंग गोळा केले. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र उभं राहिलं. मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ.

वादात दुसऱ्याला गप्प करणारा माणूस. त्याने उरलेली ताकद दुसऱ्यांचं ऐकून घेण्यात घातली, आणि स्वतःचं पांडित्य बाजूला ठेवून लोकांच्या तोंडची मराठी लिहिली. याला मी इच्छा बदलणं म्हणेन. विद्या तीच, कष्ट तेच, फक्त ते कुणासाठी हे बदललं.

नागदेवांचंही तसंच. केशोबास मोठे संस्कृत जाणकार. त्यांनी ग्रंथरचनेबद्दल संस्कृतात विचारलं तेव्हा नागदेवांनी त्यांना अडवलं, कारण स्वामींनी आपल्याला मराठीतच सांगितलं होतं, आणि संस्कृतात लिहिलं तर पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना त्याचा काही उपयोग नाही. विद्वानाची हौस एका बाजूला, आज्ञा आणि माणसं दुसऱ्या बाजूला. २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. त्या दर्जामागे उभ्या असलेल्या जुन्या गद्याच्या मुळाशी काही माणसांनी गिळलेली आपली हौस आहे.

वासना या शब्दाची गंमत

अजून एक गोष्ट सांगतो, मला स्वतःला फार आवडलेली.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. मग ज्यांना जे पाठ होतं त्यातून ग्रंथ पुन्हा बांधला गेला. यात हिराइसा नावाच्या, स्मरणशक्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या साध्वींचा पाठ महत्त्वाचा. आता प्रत्येकाच्या आठवणीत थोडा फरक असणारच. महानुभावांनी ते फरक पुसले नाहीत. अमक्याचं म्हणणं असं, तमक्याचं असं, हे नोंदवून ठेवलं. आम्ही व्हर्जन कंट्रोल वापरतो ते काय वेगळं?

या वेगवेगळ्या पाठांना ते काय म्हणायचे? वासना.

आपण वासना म्हणजे हाव एवढंच समजतो. मुळात मनावर उमटलेला, मुरलेला ठसा म्हणजे वासना. एकाच्या मनात ठसा जुगाराचा, एकाच्या मनात मानाचा. आणि हिराइसांच्या मनात? स्वामींच्या बोलण्याचा. ग्रंथ जळो, पोथी हरवो, तो ठसा पुसला गेला नाही, आणि त्यातूनच पुस्तक परत आलं. म्हणजे मन रिकामं कधीच नसतं. त्यात काय मुरू द्यायचं एवढाच निर्णय आपल्या हातात असतो.

पण एक अडचण आहे

आता ऐकणाऱ्यांपैकी काही जण म्हणतील, भाऊ, हे सगळं ठीक आहे, पण देवाची इच्छा कोणती आणि माझीच इच्छा भगवे कपडे घालून आलेली कोणती, हे ओळखायचं कसं? प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. देवाची इच्छा म्हणून लोकांनी काय काय खपवलंय ते आपण रोज बातम्यांत बघतो. आईबापाची इच्छा, समाजाची इच्छा, बाबाची इच्छा, सगळ्यांवर देवाचा शिक्का मारता येतो.

मी धर्मगुरू नाही आणि या पंथाचा अनुयायीही नाही, त्यामुळे उपदेश करणार नाही. पण या इतिहासातून तीन खुणा मला दिसतात.

पहिली, यात सत्ता मिळत नाही. निळभट्टांना काही मिळालं नाही. ज्या 'देवाच्या इच्छे'ने सांगणाऱ्याची खुर्ची मोठी होते, तिच्याकडे संशयाने बघायला हरकत नाही.

दुसरी, त्यात खालच्या मानलेल्या माणसाला जागा होते. चक्रधर स्वामींनी बायकांना संन्यासाचा अधिकार दिला, विटाळ मानला नाही, सगळ्या वर्णांत भिक्षा मागायला लावली. महदाइसा तर इतके प्रश्न विचारायच्या की लीळाचरित्राचा मोठा भाग त्यांच्या शंकांनी भरलाय. म्हणजे प्रश्न विचारणं हा मर्जीचा भंग नव्हता. आज्ञा पाळणं आणि डोकं गहाण ठेवणं या दोन गोष्टी तेव्हाही वेगळ्या होत्या.

तिसरी सगळ्यात कठीण. स्वामींच्या जवळ राहणं हीसुद्धा शिष्यांची इच्छाच होती, आणि तीही त्यांना सोडावी लागली. स्वामी निघून गेले. ज्याच्यासाठी सगळं सोडलं तोच समोर नाही. त्यानंतर जे उरलं ते काम: रिद्धपूरला जा, सेवा करा, आठवा, लिहा. भक्ती खरी होती की नुसती ओढ होती, हे तेव्हा कळलं.

आणि घर सोडणाऱ्यांच्या मागे राहणाऱ्यांचा प्रश्न? तो सुटत नाही. कमळाइसांचं दुःख कुठल्याही तत्त्वज्ञानाने भरून निघालं असं मी म्हणणार नाही. संन्यासाची किंमत नेहमी दोघं मोजतात, नाव एकाचंच होतं.

आपलं काय?

आपल्यापैकी फार थोडे जण घर सोडणार आहेत. ईएमआय आहे, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, बहिणीचं लग्न आहे. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर, तिथून पुढे पुणे, हैदराबाद, बंगळुरू. आमची अर्धी बॅच या रस्त्याने गेली. चुकलं काहीच नाही. पण सणाला परत आल्यावर चहाच्या टपरीवर रात्री उशिरा जे बोलणं निघतं ते तुम्हालाही माहीत आहे. जे हवं होतं ते बरंचसं मिळालं, आता काय? मग कुणीतरी नव्या गाडीचं बोलतो आणि विषय बदलतो.

तो विषय बदलू देऊ नका, एवढंच मी म्हणेन. त्या क्षणी जे जाणवतं ते आजारपण नाही, ती बरी खूण आहे. हरपाळदेवांना ती एका नकारात सापडली, म्हाइंभटांना पराभवात, निळभट्टांना आपल्या गावात आलेल्या एका भिक्षुकाच्या चेहऱ्यात. (हो, जर ही उदासी आठवडेच्या आठवडे जात नसेल, झोप आणि जेवण उडालं असेल, तर डॉक्टरांकडे जा. ते वेगळं, आणि त्यात कमीपणा काही नाही.)

देव मानत असाल तर आज रात्री मागण्यांची यादी थोडी बाजूला ठेवून 'तुला काय हवंय' एवढंच विचारून बघा. देव मानत नसाल तर हाच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारा: माझ्या कष्टांचा उपयोग माझ्याशिवाय कुणाला आहे? दोन्ही वाटांवर पहिलं पाऊल एकच पडतं, 'मी' जरा सरकतो.

आणि पुढच्या वेळी कुणी भंडाऱ्याची ओळख विचारली, तर तळी सांगा, पितळ सांगा, धान सांगा. जमलं तर निळभट्टांचंही नाव घ्या. सातशे वर्षांहून जास्त काळ त्यांचं नाव आपल्या गावाच्या नावाने पोथीत टिकून आहे, आणि ते टिकावं म्हणून त्यांनी स्वतः काहीच केलं नव्हतं.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावातलं असं एखादं जुनं नाव असेल तर जरूर कळवा. ऐकत राहा, वाचत राहा. भेटू पुढच्या एपिसोडला.